पाळी कधी गेली, एवढं तरी विचारा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि आम्हा आशांच्या हातात तपासणीचे फॉर्म देणारे मुंबईतले, पुण्यातले, दिल्लीतले सर्व साहेब आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा स्वयंसेविका आहे. या कामात मला सोळा वर्षं झाली. वय ५२. मोबदल्याबद्दल आमचं म्हणणं आमच्या संघटनेनं आपल्यापर्यंत वेळोवेळी पोचवलंय, त्याबद्दल आज लिहीत नाही. आज मला बीपी मोजायला दंडाला बांधतात त्या पट्ट्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्या गावातल्या बाईच्या दंडाला हा पट्टा पहिल्यांदा लागतो तो पहिल्या खेपेला दिवस गेल्यावर. दर तपासणीला सिस्टर बीपी घेतात, कार्डावर लिहितात. एखादीचं वाढलेलं दिसलं तर धावपळ होते, मीच गाडी बघते. मग दुसरं बाळंतपण, पंचवीस-सव्विसाव्या वर्षी ऑपरेशन, टाके काढायला एक खेप, आणि तिथून ती बाई आमच्या रजिस्टरमधून निघून जाते. पुढची वीस-बावीस वर्षं ती दवाखान्यात येते ती पोराचा हात धरून किंवा सासूला घेऊन. तिचा स्वतःचा दंड कुणी बघत नाही. या कोऱ्या वर्षांच्या शेवटी तिची पाळी जायला लागते, आणि नेमकं तेव्हाच बीपी चढायला लागतं.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी करायचा कार्यक्रम आहे, हे मला माहीत आहे. त्याचे फॉर्म मीच भरते. त्याकडे पुढे येते.

आधी माझं सांगते. ४८व्या वर्षी माझी पाळी मागंपुढं व्हायला लागली. कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. मग वाफा सुरू झाल्या. आमच्याकडे बायका वाफाच म्हणतात. छातीतून उठायची, मानेवरून कानशिलापर्यंत चढायची, दोन-तीन मिनिटांत पोलकं पाठीला चिकटायचं आणि नंतर हुडहुडी भरायची. डिसेंबरात घरातले सगळे गोधड्या ओढून झोपलेले असायचे आणि मी ओट्यावर येऊन बसायची. मालक आतून विचारायचे, "काय झालं गं?" मी म्हणायची, "पित्त." दिवसा मध्येच छातीत धडधडायचं. धने-जिऱ्याचं पाणी झालं, कोकमाचं सरबत झालं. गुडघे दुखायला लागले म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायची आणि रोज एक, कधी दोन खायची.

तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वय विचारलं, पाळीचं विचारलं आणि म्हणाले, "या वयात असं होतंच ताई, मनाला लावून घेऊ नका." कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. बीपीचं मशीन टेबलावरच होतं. त्यांनी मोजलं नाही, आणि मीही मोजा म्हटलं नाही. दिवसभर लोकांना बीपी बघून घ्या म्हणून सांगत फिरणारी मी, पण मला माझं सुचलं नाही. माझ्या डोक्यात पाळीचं दुखणं एका खणात होतं आणि बीपीचं दुसऱ्या. आपल्या फॉर्मांमध्येही ते तसंच आहे, म्हणून हे सांगतेय.

पुढं वर्षभरानं आमचं प्रशिक्षण होतं. बीपी कसं घेतात ते दाखवायला मॅडमनी कुणीतरी पुढं या म्हटलं. मी पहिल्या रांगेत होते म्हणून उठले. खुर्चीत बसले, पट्टा फुगला, आकडा आला १७२/१०४. मॅडम म्हणाल्या, मशीनमध्ये काहीतरी गडबड दिसतेय. पाच मिनिटं थांबून दुसऱ्या दंडाला लावलं. १६८/१०२. हॉलमध्ये चाळीस आशा होत्या, कुणी बोलेना. आणि मला त्या वेळी काहीसुद्धा होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, सकाळी सहाला उठून भाकऱ्या करून, दोन गाड्या बदलून मी तिथं आले होते.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी आता प्रत्येक बाईला सांगते. रात्री ओट्यावर घामानं भिजायची ती वाफ म्हणजे बीपी नव्हे. आणि बीपी खरंच चढलं होतं तेव्हा अंगाला काही कळत नव्हतं. गावात सगळ्यांना वाटतं की बीपी वाढलं की कळतं, घाम येतो, धडधडतं, चेहरा लाल होतो. त्यामुळे पाळी जाताना ज्या बाईला वाफा येतात ती एक तर "मला बीपी झालं" म्हणून उगाच घाबरते, नाही तर "हे पाळीचंच आहे" म्हणून कधीच मोजत नाही. मोजल्याशिवाय यातलं काय ते कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

मी नंतर आमच्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना विचारून विचारून समजून घेतलं. पाळी चालू असते तोवर अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येत राहतं. ते रक्तवाहिन्या सैल, लवचिक ठेवायला मदत करतं. ते आटलं की वाहिन्या हळूहळू ताठ होतात. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, म्हणजे तेच लोणचं, तोच ठेचा चाळिशीत जितका बाधत नव्हता तितका आता बाधतो. चरबी मांड्यांवरून पोटावर येते. झोप मोडते, घोरणं वाढतं, आणि रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर त्यानंही बीपी चढतं. तरुणपणी बाईचं बीपी तिच्या वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी असतं, साठीपुढं ते पारडं फिरतं. सगळा दोष पाळीचा नाही, वयही वाढतच असतं. पण बाईच्या आयुष्यात ही सगळी कारणं त्याच पाच-सात वर्षांत एकावर एक येऊन पडतात. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी. म्हणजे ही वेळ आपल्याकडे लवकर येते.

आता फॉर्म. तीस वर्षांपुढच्यांच्या तपासणीचा जो फॉर्म, त्याला सीबॅक म्हणतात. तो मी शेकड्यांनी भरला आहे, डोळे मिटून सांगू शकते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घराण्यात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की एक गुण, ९० च्या वर दोन. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तिला आधी तपासणीला आणायचं. खाली बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत, त्यात एक आहे: पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का? तो कॅन्सरसाठी आहे, आणि तो हवाच. पण पाळी कधी गेली, हे फॉर्म विचारत नाही. गर्भपिशवी काढली आहे का, सोबत अंडाशयही काढले का, हे विचारत नाही. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का, हेही नाही.

या शेवटच्या प्रश्नामुळे मला रात्री झोप लागत नाही, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते. आमच्या वस्तीवर माझ्याच वयाची, माझ्यासोबत पाण्याला जाणारी एक मैत्रीण आहे. तिचा फॉर्म मी भरला तेव्हा तिचं वय ४७. वयाचे दोन गुण, कमरेचा एक. तंबाखू नाही, दारूचा प्रश्नच नाही, शेतात राबते म्हणून व्यायामाचा गुण शून्य. बेरीज तीन. फॉर्मच्या हिशोबानं घाई नसलेली. गुण कितीही आले तरी तीसपुढच्या प्रत्येकीचं बीपी मोजायचंच असतं, हे मला माहीत आहे. पण तपासणीच्या दिवशी आम्ही आधी कुणाला गोळा करतो? जास्त गुणवाल्यांना. कमी गुणवाली म्हणते, "ताई, मी पुढच्या वेळी येते," आणि खुरपायला जाते. ती तशी तीनदा गेली. दोन वर्षांनी एका सकाळी तिच्या हातातून तांब्या पडला आणि तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली. तालुक्याला नेलं तेव्हा बीपी दोनशेच्या वर.

नंतर तिच्या सासूशी बोलताना मला कळलं की पहिल्या बाळंतपणात तिला झटके आले होते, आठ दिवस दवाखान्यात होती, पोर वाचलं नाही. मी आशा व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. ज्या बाईचं गरोदरपणात बीपी वाढतं, तिला पुढं आयुष्यात बीपीचा, लकव्याचा, हृदयविकाराचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. फॉर्मला ठाऊक नाही, म्हणून मला ठाऊक नव्हतं. तिच्या पहिल्या खेपेचं कार्ड कुणाकडे होतं? कुणाकडेच नाही. ते बाळाबरोबर गेलं. एक प्रश्न विचारला असता तर मी तिला त्या खुरपणीवरून हाताला धरून आणली असती. ती आज भिंतीला धरून चालते, डाव्या हातानं जेवते.

माझी पहिली मागणी एवढीच आहे की या तीन ओळी फॉर्ममध्ये घाला. पाळी कोणत्या वर्षी गेली, की चालू आहे, की मागंपुढं होतेय. पिशवीचं ऑपरेशन झालंय का, कोणत्या वयात. गरोदरपणात बीपी होतं का. आणि ज्या बाईची पाळी जातेय तिचं बीपी त्याच महिन्यात मोजायचं, गुण कितीही असोत.

दुसरं, मोजायचं कसं, हे बघा. शिबिरं होतात. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' झालं, 'स्वस्थ नारी' झालं, बायका आल्या, रांगा लागल्या. त्यातून नवे पेशंट सापडले, हेही खरं. पण रांगेत बीपी कसं घेतलं जातं ते मी जवळून पाहिलंय. बाई दोन किलोमीटर चालत आलेली, उन्हातून. स्टुलावर टेकली न टेकली तोच पट्टा. आमच्या बायकांच्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट शिवलेली असते. ती वर सरकवली तर दंडाला करकचून बसते, नाही सरकवली तर पट्टा बाहीवरच बांधतात. दोन्हीनं आकडा चुकतो. भरल्या दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर दाखवतो. मोजताना सिस्टर विचारत असतात, नाव काय, आधार कार्ड आणलं का, आणि बाई उत्तर देत असते. बोलतानासुद्धा आकडा चढतो. लघवी तुंबलेली असते, कारण शिबिराच्या जागी बायकांसाठी आडोसा नसतो.

खरं तर पाठ टेकायला खुर्ची हवी, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं शांत बसणं, चहा किंवा मिसरी घेऊन अर्धा तास झालेला, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजणं. पाळी जाणाऱ्या बाईला मी आणखी एक गोष्ट विचारते: आत्ता वाफ येऊन गेली का? आली असेल तर पंधरा-वीस मिनिटं बसू दे, मग मोजा. या काळात आकडा एका दिवशी वर, एका दिवशी खाली दिसू शकतो. एका आकड्यावर बाईला घाबरवूही नये आणि सोडूनही देऊ नये. वेगवेगळ्या दिवशी दोनदा १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर ते बीपी. घरी मशीन असेल तर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून लिहावं, तिथं १३५/८५ पासूनच जास्त धरतात. घरचं मशीन दंडाचं घ्यावं, मनगटाचं नको. उपकेंद्राला एक मोठा पट्टा, एक पाठीची खुर्ची आणि बाही काढून बसता येईल असा एक पडदा द्या. याला फार पैसा लागत नाही.

आता गोळ्यांचं. आमचा जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा हे चार जिल्हे पहिल्या यादीत होते. त्यामुळे कुठली गोळी आधी, कुठली नंतर हे ठरलेलं आहे, महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात, कार्डावर आकडे लिहिले जातात. त्या कार्डानंच माझं बीपी खाली आणलं, हे मी मनापासून सांगते.

पण मधल्या एका गोष्टीनं माझी गोळी जवळजवळ सुटली होती. पहिली गोळी असते अमलोडिपिन. गोळी चांगली आहे, लाखो लोक घेतात. पण तिनं काही जणांचा चेहरा तापतो, लाल होतो, आणि घोट्याला सूज येते. आधीच वाफांनी बेजार झालेल्या बाईला ही गोळी दिली आणि हे सांगितलं नाही तर काय होतं? मला वाटलं गोळीनं वाफा वाढल्या, हे औषध उष्ण आहे. वीस दिवसांनी मी ती डब्यात ठेवून दिली आणि कुणाला सांगितलं नाही. महिन्यानं सीएचओ मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या तेव्हा उघड झालं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना फोन लावला, गोळी बदलून टेल्मिसार्टन सुरू झाली. आता १२६/८० च्या आसपास असतं. गावात मी शोधलं तेव्हा माझ्यासारख्याच गुपचूप बंद केलेल्या पाच जणी निघाल्या. पाचही ४५ ते ५५ मधल्या.

टेल्मिसार्टनचंही एक सांगते, कारण ते कुणी बोलत नाही. पाळी मागंपुढं होतेय, अजून पुरती गेलेली नाही, अशा बाईला दिवस राहू शकतात. ४४-४५ व्या वर्षी राहिलेले मी पाहिलेत. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, बाळाला इजा होते. मग गोळी देताना पाळी पूर्ण थांबली का, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारायलाच हवं. पुन्हा तोच प्रश्न, जो फॉर्मवर नाही.

आमच्या प्रशिक्षणात मधुमेहाचा, कॅन्सरचा तक्ता असतो, पण पाळी जाण्याच्या काळाचं एक पानही मला मिळालं नाही. ते पान द्या. त्यात लिहा की गुडघ्यासाठी, कंबरेसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचं काम बिघडतं. माझे गुडघे आणि माझं बीपी हे दोन वेगळे विषय नव्हते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोकल्याला रोज ज्येष्ठमध चघळलं तरी बीपी चढतं, हेही लिहा. सैंधव मीठही मीठच आहे, हे लिहा. वाफांवरच्या हार्मोनच्या गोळ्या हा बीपीचा इलाज नाही. ज्यांना वाफांचा फारच त्रास आहे त्यांना तज्ज्ञ डॉक्टर त्या देतात, पण आधी बीपी मोजून आणि आटोक्यात आणून, हे लिहा. एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात आमच्या बायका गोळी चुकवतात, कारण उपाशीपोटी औषध नको. पाण्याबरोबर बीपीची गोळी घेतली तर उपवास मोडत नाही, हे तुमच्या शिक्क्यानं छापून आलं तर सासवा ऐकतील. आमच्या तोंडून ऐकत नाहीत.

आणि हे ठळक अक्षरात: छातीत दाब, दम लागणं, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही "वयाचं" म्हणून घरी ठेवायचं नाही. १०८ ला फोन.

मिठाचं सांगणं सोपं, करणं अवघड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. आमच्याकडे ते सकाळच्या ठेच्यात आणि दुपारच्या भाजीतच संपतं. पण बाई स्वतःसाठी वेगळं कालवण करत नाही. मीठ कमी केलं की नवरा ताट सरकवतो, पोरगा वरून मीठ मागतो, आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यासारखं टाकते. म्हणून मी आता बाईला एकटीला सांगत नाही. संध्याकाळी सगळे घरी असताना जाते, नवऱ्याचंही बीपी बघायला लावते, आणि दोघांना एकदम सांगते. तुमच्या पत्रकांत मात्र चित्र कायम एकट्या बाईचंच असतं.

मिसरीचंही तसंच. फॉर्ममध्ये तंबाखू आहे. मी विचारते, "काकी, तंबाखू खाता का?" काकी खरेपणानं सांगतात, "नाही बाई." आणि बोलताना पदराच्या गाठीतून मिसरीची डबी काढून दातांना लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. तव्यावर भाजलेला तंबाखूच तो, दिवसातून पाच-सहा वेळा हिरड्यांत जातो. पाळी जाण्याच्या वयात झोप लागत नाही, जीव घाबरतो म्हणून कितीतरी जणी ती वाढवतात. फॉर्ममध्ये मिसरी हा शब्द छापा. नावानं विचारलं की बायका खरं सांगतात.

शेवटी ज्या बायकांसाठी हे पत्र लिहायला घेतलं त्यांच्याकडे येते. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडच्या. कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात. मी तिथं पोलिओच्या डोससाठी जाते, लहान पोरांची वजनं घ्यायला जाते. गेल्या हंगामात एका कोपीत एक बाई चुलीपुढं बसून सारखी पदरानं वारा घेत होती. थंडी मरणाची होती. मी विचारलं, वाफा येतात का? ती म्हणाली, "आग व्हती आंगाची, रोजच." वय ३४. पिशवी काढून सात वर्षं झालेली. अंडाशय ठेवले की काढले, तिला माहीत नव्हतं, कागद गावाकडं. सीएचओ मॅडमना बोलावून बीपी बघितलं तर १५२/९८. दोन दिवसांनी पुन्हा १५०/९६. पहाटे तीनला उठून ती मोळ्या वाहते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनंच समिती नेमली होती. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागं एक. तेव्हा चर्चा झाली ती ही ऑपरेशनं का झाली याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांची झाली त्यांचं पुढं काय, यावर मला कुठलं परिपत्रक आलेलं आठवत नाही. अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्याचा सगळा काळ त्या बाईवर एका दिवसात कोसळतो. अंडाशय ठेवले असले तरी तो काही वर्षं लवकर येऊ शकतो. इतक्या लवकर ही अवस्था आली की हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे ज्या बाईचं बीपी पन्नाशीत बघायचं, तिचं तिशीतच बघायला हवं, आणि दरवर्षी बघायला हवं.

ती कुणाच्या यादीत आहे? तिच्या गावच्या आशेच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव आहे, पण सहा महिने ती तिथं नसते. माझ्या रजिस्टरमध्ये ती नाही, कारण ती माझ्या गावची नाही. आमच्या मॅडमनी तिला अमलोडिपिन सुरू केली, एक महिन्याची पुडी दिली, चेहरा तापला तर घाबरू नको, बंद करू नको, असं सांगितलं. मी दर आठवड्याला जाऊन विचारत राहिले. फेब्रुवारीत १३४/८४ आलं. ती हसली, म्हणाली, "ताई, आता मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी येत नाय." उठताना अंधारी येत असेल तर तेही सांग, गोळी जास्त होतेय का ते बघू, असं मी तिला म्हटलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी रात्रीत गाड्या भरून गेली. तिच्याकडं तेव्हा अकरा गोळ्या उरल्या होत्या, मी मोजल्या होत्या. मी तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर शोधला, दोन दिवस फोन करत राहिले, लागला. त्यांनी सांगितलं, तिला बीपी आहे हे आम्हाला माहीतच नाही.

माझी आपल्याला विनंती आहे की ऊसतोड कामगारांना टोळीबरोबर फिरणारं बीपीचं कार्ड द्या, जे कुठल्याही जिल्ह्याच्या उपकेंद्रात चालेल, आणि निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्यायची परवानगी द्या. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईचं नाव, ऑपरेशनचं वय आणि बीपी हे तिच्या गावच्या रजिस्टरमध्ये चढवा. १३,८६१ जणी सरकारनं स्वतः मोजलेल्या आहेत. निदान त्यांच्यापासून सुरू करा.

दिवाळीनंतर कोप्या पुन्हा पडतील. ती आली तर मी तिचं बीपी मोजून घेईन. ते कुठल्या रजिस्टरमध्ये, कुठल्या रकान्यात लिहायचं, ते आपण त्याआधी कळवावं.

आपली नम्र,
एक आशा स्वयंसेविका,
जिल्हा सातारा